घोड्याची लीद शेतात: इंग्लंडच्या पद्धतीतले काय घ्यावे, काय सोडावे

घोड्याच्या लिदीपासून खत कसे करावे याची जी माहिती आज सहज हाती लागते, तिच्यातला बराचसा भाग इंग्लंडमधला असतो. त्याला कारण आहे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत भारतभरात घोडे आणि तट्टे मिळून सुमारे ३ लाख ४० हजार भरली. त्याआधीच्या, म्हणजे २०१२ च्या गणनेत हीच संख्या सव्वासहा लाख होती. ब्रिटनमधल्या घोड्यांचे अंदाज मात्र सात ते साडेआठ लाखांच्या दरम्यान सांगितले जातात. क्षेत्रफळाने महाराष्ट्राहूनही लहान असलेल्या त्या देशात संपूर्ण भारताच्या दुपटीहून अधिक घोडे आहेत. साहजिकच तेथे लीद ही मौल्यवान वस्तू नसून विल्हेवाट लावण्याची अडचण आहे, आणि तबेल्याच्या दारात ती पोत्यांत भरून फुकट ठेवलेली दिसते. आपल्याकडे ती मिळते ती ठराविक ठिकाणीच: पुण्या-मुंबईची रेसकोर्स, पुण्याच्या आसपासचे स्टड फार्म (घोड्यांच्या पैदाशीची केंद्रे), माथेरान आणि पाचगणी-महाबळेश्वरची घोडी, वरातीच्या घोड्यांचे तबेले आणि वीटभट्ट्यांवरची तट्टे. अशा ठिकाणांच्या जवळ ज्याची शेती आहे, त्याने ही लीद जरूर वापरावी. मात्र इंग्लंडमधले मार्गदर्शन जसेच्या तसे उचलू नये. तेथील शेतकरी लिदीबाबत जी सावधगिरी बाळगतात ती आपण पूर्णपणे घ्यावी. त्यांचे वेळापत्रक आणि मात्रा मात्र तेथेच राहू द्याव्यात, कारण त्या दोन्ही गोष्टी थंड, ओल्या जमिनीसाठी बेतलेल्या आहेत.

लीद शेणाहून वेगळी का वागते

गाय-बैल रवंथ करतात, घोडा करीत नाही. घोड्याच्या चाऱ्याचे आंबवण पोटात न होता पुढे मोठ्या आतड्यात होते आणि तंतू पुरते पचत नाहीत. म्हणून लीद भुसभुशीत, हवा खेळती ठेवणारी आणि तंतुमय असते, तर शेण दाट आणि ओले असते. शेतकरी लिदीला ‘गरम खत’ म्हणतात ते याचमुळे खरे ठरते. ढिगात हवा आणि सहज कुजणारे तंतू दोन्ही असल्याने सूक्ष्मजीव झपाट्याने वाढतात आणि दोन-तीन दिवसांत ढीग ६० अंशांच्या आसपास तापतो. इंग्लंडमधल्या जुन्या बागांत या उष्णतेवर काचेखाली खरबुजे पिकवीत असत. आपल्याला त्या उष्णतेचा उपयोग एवढाच, की ढिगातले तणाचे बी तिने मरते.

आणि ते मरणे आवश्यक आहे, कारण रवंथ न करणाऱ्या जनावराच्या पोटातून बरेच बी जिवंत बाहेर पडते. ताजी लीद शेतात टाकणे म्हणजे घोड्याने ज्या रानात चरून घेतले त्या रानातले तण आपल्या शेतात पेरणे होय.

अन्नद्रव्यांच्या बाबतीत लीद फार श्रीमंत नाही. इंग्लंडमधील अधिकृत शिफारशींत अंथरणासह असलेल्या घोड्याच्या खतात टनाला साधारण ५ ते ७ किलो नत्र, ५ किलो स्फुरद आणि ६ किलो पालाश धरतात. शेणखताशी हे जवळपास मिळतेजुळते आहे. लिदीचे खरे मोल तिच्या कर्बात आणि भुसभुशीतपणात आहे.

तबेल्यात विचारायचे प्रश्न

ट्रॉली भरण्यापूर्वी मोतद्दाराशी, म्हणजे घोडे सांभाळणाऱ्याशी, किंवा मालकाशी बोलावे. पहिला प्रश्न अंथरणाचा. गव्हाचा भुसा किंवा भाताचा पेंढा असेल तर काही अडचण नाही. भाताचे तूस असेल तर ते सावकाश कुजते, तरी चालते. लाकडाचा भुसा किंवा रंध्याचे छिलके असतील तर मात्र विचार करावा, कारण लाकडात कर्ब अतोनात आणि नत्र नगण्य असते. असे खत अर्धवट कुजलेले असताना जमिनीत गेले तर ते कुजवणारे जिवाणू जमिनीतलेच नत्र ओढून घेतात आणि पीक पिवळे पडते. इंग्लंडमध्ये लाकडी छिलक्यांचे अंथरण फार वापरतात. तेथील बागायतदार असे खत वर्ष-वर्ष ठेवून देतात आणि मगच वापरतात ते यासाठी. आपल्याकडच्या अनेक लहान तबेल्यांत अंथरण जवळजवळ नसतेच, त्यामुळे मिळते ती निव्वळ लीद असते, आणि खत करायला ती उत्तम.

दुसरा प्रश्न जंतनाशकाचा. आयव्हरमेक्टिनसारखे औषध घोड्याच्या शरीरातून बरेचसे लिदीवाटेच बाहेर पडते आणि शेणकिड्यांना व त्यांच्या अळ्यांना घातक ठरते. जंतनाशक दिल्यानंतरच्या आठवडा-दीड आठवड्याची लीद गांडूळखतासाठी घेऊ नये. ती वेगळी ठेवून गरम ढिगात पूर्ण कुजवावी.

तिसरा प्रश्न आजाराचा, आणि येथे दोन्ही देशांची परिस्थिती अगदी भिन्न आहे. ग्लँडर्स हा घोड्यांचा जिवाणूजन्य रोग माणसालाही होतो. ब्रिटनमधून तो १९२८ मध्येच हद्दपार झाला. भारतात तो अधूनमधून आढळत राहतो, आणि महाराष्ट्रातही तो २००६ मध्ये दिसून आला होता. त्यामुळे इंग्लंडमधल्या मार्गदर्शनात या रोगाचा उल्लेखही सापडणार नाही. आपल्याकडे मात्र नाकातून चिकट स्राव, अंगावर गाठी किंवा फुटलेल्या जखमा असलेला घोडा ज्या तबेल्यात आहे, तेथून लीद कदापि उचलू नये आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. बाकी, लीद हाताळताना हातमोजे आणि पायांत बूट असावेत आणि धनुर्वाताची लस घेतलेली असावी, हे दोन्ही देशांत सारखेच लागू आहे. धनुर्वाताच्या जिवाणूंचे बीजाणू घोड्याच्या लिदीत नेहमीच असू शकतात.

तणनाशकाची कुंडीतली परीक्षा

इंग्लंडकडून शिकण्यासारखी सर्वांत मोलाची गोष्ट ही आहे. २००८ च्या सुमारास तेथील अनेक बागायतदारांच्या टोमॅटो, बटाटा आणि घेवड्याची पाने आक्रसून वाकडी-तिकडी येऊ लागली. अमिनोपायरॅलिड हे गवताळ रानातल्या रुंद पानांच्या तणांवर मारण्याचे तणनाशक त्यामागे होते. फवारलेल्या गवताचा वाळलेला चारा घोड्यांनी खाल्ला, औषध पोटातून जवळजवळ न बदलता लिदीत आले, ढिगात कुजूनही टिकले आणि खताबरोबर भाजीच्या वाफ्यात पोहोचले. त्या तणनाशकाची विक्री काही काळ थांबवावी लागली आणि पुढे कडक अटींवरच ती पुन्हा सुरू झाली.

आपल्याकडे कुरणांवर तणनाशक मारण्याची पद्धत फारशी नाही. ऊस आणि गव्हात वापरले जाणारे २,४-डी हे औषध जमिनीत आणि ढिगात तुलनेने लवकर विघटित होते. तरीही बाहेरगावचा चारा, विकतचा भुसा आणि अनोळखी तबेला अशी साखळी असेल तेव्हा परीक्षा करून पाहण्यात एक महिन्याशिवाय काहीच खर्च होत नाही, आणि टोमॅटो, मिरची, द्राक्षे किंवा कोणतेही कडधान्य घेणाऱ्याने ती चुकवू नये असे माझे मत आहे.

ढिगाच्या पाच-सहा ठिकाणांहून, वरून आणि आतून, मूठ-मूठ खत घ्यावे आणि एकत्र करावे. त्यात तेवढीच स्वच्छ माती मिसळून तीन कुंड्या भराव्यात. आणखी तीन कुंड्यांत तीच माती, पण ज्याची खात्री आहे असे घरचे जुने शेणखत घालावे. सर्व कुंड्यांत घेवडा किंवा वाटाणा लावावा, एकाच जागी ठेवाव्यात आणि पाणी सारखे द्यावे. मात्र एका कुंडीतून निथळलेले पाणी दुसरीत जाऊ देऊ नये. तीन ते चार आठवडे पाहावे. पहिली दोन पाने सहसा बरी येतात. त्यानंतरची पाने आत वळू लागली, शिरा एकमेकींजवळ आल्या, शेंड्याला पीळ पडला आणि शेजारच्या कुंड्यांत तसे काही नसेल, तर ते खत भाजीपाला, कडधान्य किंवा फळबागेला वापरू नये. मका, ज्वारी, ऊस यांसारख्या गवतवर्गीय पिकांना ते चालू शकते. बी उगवलेच नाही किंवा रोपे नुसती पिवळी पडली, तर दोष तणनाशकाचा नसून खत कच्चे आहे असे समजावे.

ढीग: तेथे पावसापासून, येथे उन्हापासून

ढीग लावण्याचे मूळ तत्त्व दोन्हीकडे एकच आहे. रुंदी दीड मीटर, उंची सव्वा ते दीड मीटर, लांबी माल असेल तेवढी. याहून लहान ढीग तापत नाही आणि याहून उंच ढिगाच्या तळाला हवा पोहोचत नाही. फरक पडतो तो पाण्याच्या व्यवस्थेत. इंग्लंडमध्ये हिवाळाभर रिमझिम चालू असते. तेथील शेतकऱ्याची सारी धडपड ढीग झाकून ठेवण्याची असते, कारण पाण्याबरोबर पालाश आणि नत्र झिरपून जाते. ढीग सावकाश कुजतो आणि तयार व्हायला सहा महिने ते वर्ष लागते. आपल्याकडे ऑक्टोबरपासून मेपर्यंत ढीग कोरडा पडण्याचेच भय अधिक. लिदीच्या ढिगात हात घातल्यावर आत राखेसारखा पांढरा, कोरडा थर दिसला तर बुरशी आली म्हणून समाधान मानू नये. ढीग फार तापून पाण्यावाचून वाळत आहे आणि कुजणे थांबण्याच्या बेतात आहे, याची ती खूण आहे. लगेच उकरून पाणी द्यावे.

म्हणून आपल्याकडे ढीग झाडाच्या किंवा छपराच्या सावलीत, उंचवट्यावर लावावा. खाली उसाचे पाचट किंवा तुरीच्या काड्यांचा वीतभर थर द्यावा, त्यावर लीद पसरावी आणि थर लावतानाच पाणी मारावे. ओल मुठीने ओळखावी: मूठ आवळल्यावर बोटांच्या फटींत ओलावा दिसावा, पण पाणी ठिबकू नये. निव्वळ लीद असेल तर प्रत्येक थरावर थोडा शेणकाला शिंपडावा. त्यातील जिवाणूंमुळे कुजण्यास लवकर सुरुवात होते. लाकडाच्या भुशाचे अंथरण असेल तर नत्राची भर घालणे भागच आहे. टनाला ५ किलो युरिया पाण्यात विरघळवून थरांवर शिंपडावा, म्हणजे सव्वादोन किलोंच्या वर नत्र मिळते आणि साधारणपणे ६० असलेले कर्ब-नत्र गुणोत्तर (नत्राच्या किती पट कर्ब आहे ते) ३० च्या आसपास उतरते. युरिया नको असेल त्याने कोंबडखत किंवा गिरिपुष्पाचा ओला पाला सढळ हाताने वापरावा. ही दुरुस्ती न करता भुशाचा ढीग वर्षभर ठेवला तरी आपल्या कोरड्या हवेत तो बऱ्याचदा जसाच्या तसा राहतो.

ढिगाचा ताव पाहायला लांब लोखंडी सळई मधोमध खुपसून ठेवावी आणि दहा मिनिटांनी काढून हातात धरावी. हात ठेवता येत नाही इतकी ती तापलेली असेल तर काम बरोबर चालले आहे. पंधरा ते वीस दिवसांनी ढीग वर-खाली करावा, बाहेरचा माल आत आणि आतला बाहेर घ्यावा, कारण तणाचे बी फक्त आतल्या उष्णतेतच मरते आणि कडेला पडलेले तसेच राहते. अशा तीन-चार पालट्या झाल्या, तर तीन ते चार महिन्यांत खत तयार होते. जानेवारीच्या अखेरीस लावलेला ढीग मेच्या शेवटी वापरता येतो. पालट्या करायला मजूर मिळत नसतील तर नाडेप हौद हा चांगला पर्याय आहे. पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांनी काढलेल्या या पद्धतीत १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच अशा जाळीदार विटांच्या हौदात हवा आपोआप खेळते. लीद मुळातच भुसभुशीत असल्याने तिला हा हौद शेणापेक्षाही अधिक मानवतो.

अर्धकच्च्या खताचा आपल्याकडे आणखी एक धोका आहे. पिकांची मुळे खाणाऱ्या हुमणीचे भुंगेरे आणि नारळाचा शेंडा पोखरणारा गेंडा भुंगा अशा ढिगांत अंडी घालतात. कोकणात नारळाच्या बागेशेजारी लिदीचा ढीग उघडा ठेवणे म्हणजे गेंडा भुंग्याला निमंत्रणच आहे. ढीग पालटताना पांढऱ्या, इंग्रजी ‘सी’ अक्षरासारख्या वळलेल्या अळ्या दिसल्या तर त्या वेचून नष्ट कराव्यात, कोंबड्या असतील तर त्यांना सोडावे.

गांडूळखत करायचे असेल तर पहिली उष्णता निघून गेल्यानंतरच, म्हणजे साधारण तीन आठवड्यांनी, लीद गांडुळांना द्यावी. आयसेनिया फेटिडा जातीची गांडुळे लिदीवर झपाट्याने वाढतात, परंतु ३५ अंशांच्या वर ती तग धरीत नाहीत.

नियम

इंग्लंडमध्ये लीद शेतीच्या ठरलेल्या तुकड्यावर खत म्हणून वापरली जात असेल तरच ती खत मानली जाते. तसा वापर नसेल तर कायद्याने ती कचरा ठरते आणि कचऱ्याचे सर्व नियम लागू होतात. नायट्रेटमुळे पाणी दूषित होण्याचा धोका असलेल्या विभागांत पशुखतातील नत्र शेताच्या सरासरीने हेक्टरी वर्षाला १७० किलोंच्या आत ठेवावे लागते, आणि कोणत्याही एका तुकड्यावर बारा महिन्यांत सेंद्रिय खतांतून २५० किलोंपेक्षा जास्त नत्र देता येत नाही. ओढ्या-नद्यांपासून १० मीटर आणि विहीर, झरा किंवा कूपनलिकेपासून ५० मीटर अंतर सोडावे लागते. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाजीसाठी ताजे खत काढणीच्या किमान १२ महिने आधी, आणि लागवडीच्याही किमान ६ महिने आधी दिलेले असावे, असे तेथील अन्नसुरक्षा मार्गदर्शन सांगते.

आपल्याकडे स्वतःच्या शेतात लीद वापरायला कोणाची परवानगी लागत नाही. तयार खत पिशव्यांत भरून विकायचे ठरवले तर मात्र १९८५ च्या खत नियंत्रण आदेशातील मानके लागू होतात. कायदा नसला तरी विहिरीपासूनच्या ५० मीटरांचा नियम मी आपल्याकडेही अक्षरशः पाळावा असे म्हणेन. पिण्याचे आणि शेतीचे पाणी बहुधा एकाच विहिरीतून येत असताना उकिरडा विहिरीला लागून असणे ही आपली जुनी खोड आहे. मेथी, कोथिंबीर, गाजर, काकडी यांना तर कच्ची लीद देऊच नये.

किती द्यावे आणि केव्हा

एक प्रौढ घोडा दिवसाला लीद आणि मूत्र मिळून साधारण २० ते २५ किलो माल देतो. वर्षाला तो आठ टनांच्या घरात जातो, आणि कुजल्यावर सुमारे चार टन उरतो. म्हणजे एका घोड्याच्या लिदीवर एका एकराची कोरडवाहू किंवा हलकी बागायती शेती चालू शकते. एकरी चार टन म्हणजे हेक्टरी दहा टन.

टनाला ६ किलो धरले तर या चार टनांत २४ किलो नत्र येते. मात्र ते सगळे पहिल्याच पिकाला मिळत नाही. इंग्लंडच्या थंड जमिनीत पहिल्या वर्षी दहावा हिस्सा मिळेल असे धरतात. आपल्याकडच्या हवामानात शेणखतातले सुमारे ३० टक्के नत्र पहिल्या पिकाला मिळते असा साधारण हिशेब आहे. म्हणजे आपल्या पिकाला सात किलो, म्हणजेच साधारण १५ किलो युरियाइतके नत्र मिळते. तेवढाच युरिया कमी करावा, त्याहून नाही. लीद दिली म्हणून रासायनिक नत्र पूर्ण बंद करणाऱ्याचे पीक पहिल्या वर्षी हमखास मागे राहते. पालाश मात्र दोन्ही देशांत लवकर उपलब्ध होते आणि त्यात बऱ्यापैकी कपात करता येते.

कुजण्याच्या या वेगातच दोन देशांतला मुख्य फरक आहे. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्राच्या ब्रॉडबाल्क शेतात १८४३ पासून गव्हाच्या एका पट्ट्याला दरवर्षी हेक्टरी ३५ टन शेणखत दिले जाते आणि तेथील सेंद्रिय कर्ब खत न दिलेल्या पट्ट्याच्या दुपटीहून अधिक झालेला आहे. आपल्या काळ्या जमिनीत एप्रिल-मेच्या उन्हात कर्ब इतक्या वेगाने जळतो, की एकदाच भरमसाट खत टाकून पाच वर्षे निर्धास्त राहणे शक्य होत नाही. दरवर्षी थोडे देणे हाच आपला मार्ग आहे.

इंग्लंडमधला शेतकरी भारी चिकण जमिनीत शरद ऋतूत खत पसरून नांगरतो, आणि हलक्या जमिनीत वसंताची वाट पाहतो, कारण हिवाळ्याचा पाऊस नत्र वाहून नेतो. आपल्याकडे खरिपासाठी खत मेच्या अखेरीस किंवा वळवाचा पाऊस झाल्यावर वाफशावर, म्हणजे जमिनीत मशागतीजोगी ओल असताना, पसरावे आणि त्याच दिवशी वखराची पाळी देऊन मातीत मिसळावे. ढिगाऱ्या शेतात टाकून पंधरा दिवस उन्हात तापत ठेवण्याची पद्धत सर्रास दिसते. तिच्यात नत्र अमोनियाच्या रूपाने उडून जाते आणि उरतो तो वाळलेला चोथा. कोकणातल्या जांभ्या जमिनीत पावसाचा जोर इतका असतो की पावसाआधीच सगळे खत देण्याऐवजी आंबा, काजू, नारळ यांच्या आळ्यात पावसाचा पहिला जोर ओसरल्यावर अर्धा हप्ता द्यावा. लिदीचे खत थोडे विम्लधर्मी असल्याने तेथील आम्ल मातीला ते मानवतेही.

ऊस, केळी, हळद, आले आणि वेलवर्गीय भाज्या लिदीच्या खताला चांगला प्रतिसाद देतात; ऊस व हळदीला हेक्टरी २५ टनांपर्यंत देण्यास हरकत नाही. गाजर आणि मुळ्याला त्याच हंगामात ताजे खत देऊ नये, कंदांना फाटे फुटतात. आधीच्या पिकाला दिलेल्या खताच्या बेवडावर, म्हणजे जमिनीत उरलेल्या कसावर, ते लावावेत. शेडनेट आणि पॉलिहाउसमध्ये पावसाने क्षार धुऊन जात नाहीत, म्हणून तेथे खताची क्षारता प्रयोगशाळेत तपासून घ्यावी आणि इंग्लंडची १७० किलोंची मर्यादा कायदा नसतानाही पाळावी. दहा गुंठ्यांच्या पॉलिहाउसला ती मर्यादा वर्षाला सुमारे पावणेतीन टन लिदीच्या खताएवढी येते.